कूलर बंद कर

२०२४ च्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी सतरा मुलाखती दिल्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याआधी घरात ओरडले, "आई, कूलर बंद कर!" ओरडावंच लागायचं, कारण कूलर चालू असायचा.

नागपूरबाहेरच्यांना हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडे होळी झाली की खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर चढतो. कूलरच्या बाजूंच्या गवती ताट्या बदलतात, पंपातला गाळ निघतो, मोटरला तेल पडतं, आणि मग मृगाचा पाऊस येईपर्यंत घरातलं सगळं बोलणं त्या घरघरीच्या वरच्या पट्टीत चालतं. "मीठ दे" हेही ओरडून आणि "जावई किती वाजता येऊन राहिले?" हेही ओरडून. या आवाजाची इतकी सवय होते की रात्री लाइट गेली आणि कूलर थांबला, तर माणूस शांततेने दचकून जागा होतो.

ऑनलाइन मुलाखतीत मात्र कूलर चालत नाही. हेडफोनमधली आवाज गाळायची सोय कूलरसोबत माझी अर्धी वाक्यंही गाळून टाकते, हे पहिल्याच फेरीत कळलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का? बाहेर ४५ अंश होतं. तेव्हापासून कूलर बंद. दहा मिनिटांत कानशिलावरून घाम, वीस मिनिटांत चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका भल्या माणसाने मध्येच थांबून धीर दिला, घाबरू नका, सावकाश सांगा. मी घाबरले नव्हते, शिजत होते. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न 'घरी एसी नाही का' असा आला असता आणि त्याच्या पुढचा 'मग घरून काम कसं करणार' असा. त्यापेक्षा घाबरलेली दिसणं परवडलं.

मी तेरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली. कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं तेव्हा मी ऑफिसकडे न जाता नागपूरला आले. नवरा बँकेत, त्याची बदली गोंदियाला, मुलगी लहान, आणि त्रिमूर्तीनगरात आईबाबांच्या घराचा वरचा मजला रिकामा. सहा महिन्यांत दुसरी नोकरी लागेल असा हिशेब होता. चौदा महिने झाले.

या चौदा महिन्यांचा एक शब्द होतो, गॅप. मुलाखतींच्या जगात तुम्ही काय केलं त्याहून मोठा प्रश्न तुम्ही कोणत्या काळात काही केलं नाही, हा असतो. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, सगळीकडे साठ टक्के आणि मध्ये गॅप नको, ही अट मी कॉलेजात असताना पहिल्यांदा ऐकली होती. पंधरा वर्षांनी, माझ्या हाताखालून गेलेली मुलं मॅनेजर झाल्यावरही, एका पोरसवदा आवाजाने मला माझे दहावीचे टक्के विचारले. मी सांगितले. बरे होते.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. १९७९ ला लागले तेव्हा ते विद्युत मंडळ होतं. पुढे २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, तरी बाबांच्या तोंडी आजही 'बोर्ड'च आहे. त्यांच्याकडे एक फाइल आहे, लाल दोरीची. त्यात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आहे, कोराडीचा इंटरव्ह्यू कॉल आहे आणि चार पत्रं आहेत. एक कोळसा खाणीचं, एक कागद गिरणीचं, दोन सरकारी खात्यांची. चारही इंग्रजीत टंकलेली, नावापुरती जागा मोकळी ठेवून सायक्लोस्टाइल केलेली, त्यात बाबांचं नाव शाईने भरलेलं. आपली निवड होऊ शकली नाही, कळवण्यास खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली कुठल्याशा अधिकाऱ्याची लपेटदार सही. नकाराची पत्रं कोणी जपून ठेवतं का, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले, सही आहे ना त्यावर.

तर हे बाबा रोज संध्याकाळी पाइप घेऊन कूलरमध्ये पाणी भरता भरता विचारायचे, "काही सांगून राहिले का ते लोक?"

"नाही बाबा."

"नाही म्हणाले, का काहीच नाही म्हणाले?"

माझ्या एक्सेल शीटमध्ये हा फरक नव्हता. बाबांच्या प्रश्नानंतर मी 'निकाल' या रकान्याचे दोन रकाने केले. शेवटी हिशेब असा झाला: नऊ कंपन्या, सतरा फेऱ्या, दोन नकार, एक होकार, आणि सहा ठिकाणी कोरा चौकोन.

मला असं ताटकळत ठेवलं जाण्याचा अनुभव जुना आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये हिंगणा रोडवरच्या आमच्या कॉलेजात कॅम्पस झालं, म्हणजे एक कंपनी नोकरीसाठी मुलं निवडायला आली. सकाळी आठला सभागृहात कंपनीच्या इमारतींचे फोटो दाखवले, दुपारी ॲप्टिट्यूड, संध्याकाळी ग्रुप डिस्कशन, रात्री एचआर, म्हणजे मनुष्यबळ विभागाची मुलाखत. मैत्रिणीच्या बहिणीचा फॉर्मल शर्ट मी घातला होता, तो खांद्यांत घट्ट होता, म्हणून ग्रुप डिस्कशनमध्ये हातवारे करता आले नाहीत. एचआरने मुलींना तेवढं विचारलं, रात्रपाळी चालेल का आणि लग्नाचं काय. रात्री अकराला भिंतीवर यादी लागली. बाबांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले.

सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली, ते बाबांनी पेपरमधून मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग पेपर घडी करून बाजूला ठेवला, जसा कोणी आजारी असताना ठेवतात. आमच्या ऑफर लेटरवर रुजू व्हायच्या तारखेची जागा कोरी होती. निकाल लागला, जून गेला, दिवाळी गेली. पेढे खाल्लेली प्रत्येक बाई विचारायची, "जॉइनिंग आलं का गं?" मी प्रतापनगरच्या सायबर कॅफेत दर दोन दिवसांनी दहा रुपये देऊन मेल बघायची. अकराव्या महिन्यात आलं. त्या अकरा महिन्यांत कंपनीने एकदाही 'उशीर होतोय' असं लिहिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, मोठ्या लोकांचं असंच असतं.

आता रिक्रूटरांविषयी, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्यांविषयी. यांचा फोन बरोबर जेवायच्या वेळी येतो आणि पहिली तीन वाक्यं ठरलेली असतात: आत्ताचा पगार किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर थांबायचे दिवस, किती. तुम्ही काय काम करता हा चौथा प्रश्न, तोही आला तर. माझं उत्तर तिसऱ्यापाशी अडायचं. नोटीस पिरियड नाही म्हटलं की पलीकडचा आवाज आधी आनंदायचा, कारण आपल्याकडे नव्वद दिवसांच्या नोटिशीने सगळेच गांजलेले असतात, आणि मग एकदम संशयी व्हायचा. नव्वद दिवस बांधलेली बाई त्यांना नको असते, आणि मोकळी बाई का मोकळी आहे हेही त्यांना कळायला हवं असतं.

"मॅम, लोकेशन?"

"नागपूर."

"ओके मॅम. बट रिलोकेट करोगे ना?"

नागपुरातही कंपन्या आहेत, हे मी दर वेळी सांगायचे. परसोडीचा आयटी पार्क आहे, मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, खापरीपर्यंत मेट्रो जाते. फोनवरची बाई शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "राइट मॅम. सो पुणे ऑर बँगलोर?"

रिक्रूटरांवर मी भरपूर चिडले. ती चीड थोडी निवळली ती आमच्या खालच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलामुळे. मूळचा आर्वीचा, धरमपेठेतल्या एका कन्सल्टन्सीत कामाला. तो दिवसभर असेच फोन लावायचा. एका रात्री लाइट गेली म्हणून सगळे गच्चीवर बसलो होतो, तेव्हा मी त्याला धरलं. तुम्ही लोक उत्तर का देत नाही रे?

तो म्हणाला, "ताई, तुम्हाला वाटते आम्ही विसरतो. आम्ही विसरत नाही. आम्हालाच कोणी सांगून नाही राहिलं."

मग त्याने धंदा उलगडून दाखवला. त्याच्या कन्सल्टन्सीला उमेदवारामागे वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के मिळतात, म्हणजे एका महिन्याचा पगार. पण कधी? उमेदवार रुजू झाल्यावर, आणि तो तीन महिने टिकला तर. मधेच सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट द्यायचा. म्हणजे शंभर फोन, वीस रेझ्युमे, पाच मुलाखती, एक ऑफर, आणि तो एकही शेवटच्या दिवशी गायब. कारण त्याने ती ऑफर दाखवून तिसरीकडून वाढीव आकडा मिळवलेला असतो. "त्यांचे फोन बंद येतात ताई, जॉइनिंगच्या दिवशी. एकाने तर सांगितलं, आजी वारली. मागच्या वर्षी मीच त्याला दुसरीकडे पाठवत होतो, तेव्हाही वारली होती."

मला हसू आलं. तो हसत नव्हता.

डुप्लिकेटचा प्रकारही त्यानेच सांगितला. एकाच जागेसाठी दोन कन्सल्टन्सींनी तुमचा रेझ्युमे पाठवला की ज्याचा आधी नोंदला गेला त्याचा हक्क, आणि भांडण नको म्हणून पुष्कळदा कंपनी तो उमेदवारच बाजूला काढते. म्हणजे मी ज्या दोघांना उत्साहाने होकार दिला होता, त्या दोघांनी मिळून माझी जागा घालवलेली असू शकते, आणि हे मला कोणीच सांगणार नाही, कारण तिघांपैकी प्रत्येकाला वाटणार की बाकीच्या दोघांनी सांगितलं असेल.

जाहिराती वेगळ्याच. फास्टएपीआय नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, वेबसाइटच्या आतली कामं करणारं. ते ज्याने बनवलं त्या सेबास्तियन रामिरेझने २०२० मध्ये सांगितलं होतं की त्याला एक जाहिरात दिसली, फास्टएपीआयचा चार वर्षांचा अनुभव हवा. त्याला अर्ज करता येत नव्हता, कारण ते बनवूनच त्याला दीड वर्ष झालं होतं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटलं नाही. आईला लगेच वाटलं. ती म्हणाली, सून बघताना असंच असते.

नातेवाईकही मदतीला असतात. एका काकांनी मला व्हॉट्सॲपवर व्हॉट्सॲपचीच गोष्ट पाठवली: ब्रायन ॲक्टनला २००९ मध्ये फेसबुकने नोकरी नाकारली आणि २०१४ मध्ये त्याच फेसबुकने त्याची कंपनी १९ अब्ज डॉलरला घेतली. गोष्ट खरी आहे. पण मला १९ अब्ज नको होते. मला मे महिन्याच्या फीच्या आधी एक नोकरी हवी होती.

आता प्रत्यक्ष मुलाखतीचं सांगते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

एका फेरीत मला विचारलं की माहितीची एक साखळी आहे, प्रत्येक कडी पुढच्या कडीचा पत्ता सांगते. ही साखळी कुठे वळून स्वतःलाच जाऊन मिळते का, ते शोधा. या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः कितीतरी नव्या मुलांना शिकवलं आहे. पुण्यात शिकवतानाही उदाहरण रेशीमबागेच्या मैदानाचं द्यायचे. दोन माणसं पळायला सोडा, एक हळू, एक दुप्पट वेगाने. रस्ता सरळ असेल तर वेगवान माणूस शेवटाला पोचेल आणि गोष्ट संपेल. मैदानाला फेरी असेल तर कधी ना कधी तो मागून येऊन हळू माणसाला गाठेलच. गाठलं, की रस्ता गोल आहे. दोन माणसं, बास, आणखी काही लक्षात ठेवावं लागत नाही.

हे मला झोपेत येतं. त्या दिवशी आलं नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, मोठ्याने विचार करा, तुमच्या मनात काय चाललंय ते आम्हाला ऐकायचंय. आणि माझ्या मनात जे चाललं होतं ते असं होतं: हा इकडून येऊन राहिला, तो तिकडून, थांब, हा आधी का हलवला, याला कशाला हलवायचं. हे मोठ्याने कसं म्हणणार? मी विचार मराठीत करते, तोही त्रिमूर्तीनगरच्या मराठीत, आणि बोलायचं होतं इंग्रजीत, तेही असं की विचार आधीच नीट झालेला वाटावा. दुभाष्याचं काम आणि गणिताचं काम एकाच डोक्यात लागलं. वरून त्याच्या कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. मी गप्प झाले की टकटक वाढायची. ते माझ्याबद्दलच लिहीत असावेत किंवा कोणाला तरी मेल करत असावेत, दोन्ही तितकंच वाईट. कूलर बंद होता. मी काहीतरी चुकीचं लिहिलं, ते खोडलं, बरोबर होतं तेही खोडलं. पंचेचाळीस मिनिटं संपली. लॅपटॉप मिटून मी कूलर लावला, पाणी प्यायले, आणि ग्लास खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. पाठकोऱ्या कागदावर लिहून काढलं. सात ओळी.

मला वाटलं होतं, वय झालं. मग एक संशोधन वाचनात आलं, २०२० मधलं, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी केलेलं. ४८ विद्यार्थी घेतले. अर्ध्यांना मुलाखत घेणाऱ्यासमोर फळ्यावर, मोठ्याने विचार करत, कोड सोडवायला लावलं. उरलेल्यांना तसंच गणित, तसाच फळा, पण खोलीत एकटं सोडलं. नुसतं कोणी बघत असल्यामुळे पहिल्या गटाची कामगिरी निम्म्याहून खाली आली. आणि एक गोष्ट मी तीनदा वाचली: बघणारा समोर असताना एकाही मुलीला उत्तर जमलं नाही, एकट्या सोडलेल्या मुलींपैकी सगळ्यांना जमलं. मुली मोजक्याच होत्या, एवढ्यावरून सिद्धांत उभा करू नये, हे मला कळतं. मी तो कागद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पाहुण्यांसमोर पोळी फुगत नाही, त्याचं पण कोणी संशोधन केलं का?"

आणि पुणे. हे सांगायलाच हवं.

एका कंपनीत चार फेऱ्या छान झाल्या. पाचवी समोरासमोर, पुण्यात. हल्ली पडद्यावर भलताच माणूस मुलाखत देऊन जातो, कोणी बाजूच्या स्क्रीनवर एआयला विचारून उत्तरं वाचतो, म्हणून शेवटची फेरी प्रत्यक्षच, असं रिक्रूटर मुलीने समजावलं. गोड मुलगी होती, रोज सकाळी गुड मॉर्निंगसोबत सूर्यफूल पाठवायची. प्रवासखर्चाचं विचारलं, तर म्हणाली, रुजू झाल्यावर बघू. बैद्यनाथ चौकातून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघाले. सातशेच्या वर किलोमीटर. मांडीवर कडक इस्त्रीचा कुर्ता प्लास्टिकच्या पिशवीत, चुरगळू नये म्हणून रात्रभर आडवा धरलेला. सकाळी वाघोलीला उतरले, मावसबहिणीकडे आंघोळ, अकराला ऑफिसात.

रिसेप्शनवर आधार कार्ड दाखवलं, फोटो काढला, गळ्यात 'पाहुणा' लिहिलेला पट्टा घातला. काचेच्या एका खोलीत नेलं, खोलीचं नाव राजगड. कोणी नव्हतं. भिंतीवर मोठा टीव्ही. दहा मिनिटांनी टीव्ही आपोआप लागला आणि त्यात एक माणूस आला. बंगळूरहून. स्वतःच्या घरून. मागे कपडे वाळत होते. म्हणाला, सॉरी, आज ऑफिसला येणं जमलं नाही, आणि तसंही मी बंगळूरच्या ऑफिसात बसतो. मग पहिला प्रश्न, "सो, यू आर फ्रॉम नागपूर? ऑरेंज सिटी!"

मी खरी आहे हे सिद्ध करायला मी रात्रभर बसून आले होते, आणि समोर पुन्हा पडदाच. हसावं की उठून जावं ते ठरेना. उठले नाही. मुलाखत चांगली झाली, हेही कबूल करते. त्या खोलीत एसी होता. परतीच्या बसमध्ये मी मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, खराडीत की वाघोलीत, इथपर्यंत पोचले होते.

सूर्यफुलं थांबली. एक आठवडा, दोन आठवडे. मी मेल केले, नम्र, मग अतिनम्र. तिसऱ्या आठवड्यात सरळ फोन लावला. ती मुलगी उचलून म्हणाली, "मॅम, मी आता तिथे नाही. आमची अख्खी टीम कमी केली. तुमचं काय झालं ते मला नाही माहीत." जरा थांबली. "मॅम, तुमच्या ओळखीत कुठे ओपनिंग असेल तर सांगाल? रेझ्युमे पाठवू का?" तिने पाठवला. एका पानाचा, सुबक. मी तो दोन ठिकाणी पुढे धाडला आणि तिला कळवलं की धाडला आहे. त्या दोन ठिकाणांहून मलाही काही उत्तर आलं नाही.

सप्टेंबरमध्ये मला नोकरी लागली. कशी लागली हे सांगण्यासारखं नाही, एका जुन्या सहकाऱ्याने नाव सुचवलं, दोन फेऱ्या झाल्या, घरूनच काम. इतक्या सरळ गोष्टीची गोष्ट होत नाही.

आठ महिन्यांनी मला मुलाखती घेणाऱ्यांच्या पॅनेलवर घेतलं. म्हणजे आता मी पलीकडची. पहिल्याच आठवड्यात कळलं की ती टकटक खरंच उमेदवाराबद्दलच असते: फॉर्म भरायचा असतो, प्रत्येक रकान्यात किमान दोन वाक्यं, आणि तो त्याच दिवशी गेला नाही तर सिस्टम तासातासाला आठवण करते. हेही कळलं की सलग चार जणांना तोच प्रश्न विचारला की पाचव्याचं उत्तर आपण ऐकतच नाही, त्याचं पहिलं वाक्य कोणासारखं आहे एवढंच बघतो. मी असं एका मुलीला केलं. नंतर रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा लक्षात आलं, ती बरोबर वाटेवर होती आणि मी तिला मधेच थांबवलं होतं. फॉर्म बदलून दिला. उशीर झाला होता.

मे २०२५, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या बेतात. दुपारी तीनला एक मुलगा जोडला गेला, पुलगावचा, तीन वर्षांचा अनुभव. त्याने 'गुड आफ्टरनून मॅम' म्हणायच्या आधी मला ती घरघर ऐकू आली. आवाजावरून मी सांगू शकत होते की ताटी सुकली आहे आणि पंप ओढत नाही.

"सॉरी मॅम, वन मिनिट," असं म्हणून त्याने माइक बंद न करता मान वळवली. "आई वो, कूलर बंद कर!"

"राहू द्या," मी मराठीत म्हणाले. "चालू राहू द्या. माझ्याकडेही चालूच आहे. मी ऐकते कान देऊन."

तो बघतच राहिला. मग मी त्याला साखळीचाच प्रश्न विचारला आणि सांगितलं, मोठ्याने विचार करा, ज्या भाषेत येतो त्या भाषेत. पुढची पाच मिनिटं तो पुटपुटत होता, "हा गेला पुढं... हा मागंच राहिला... थांबा मॅम, हा फिरून येऊन राहिला का?" आला, फिरून. एखाद्या ओडिया किंवा तमिळ मुलाला ही सवलत मी देऊ शकले नसते. मग ती या मुलाला देणं न्याय्य होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. फॉर्ममध्ये मी लिहिलं, घ्यावा.

दोन आठवड्यांनी ती जागाच रद्द झाली. बजेट. त्याला कळवायचं काम एचआरचं. पॅनेलवरच्यांनी उमेदवाराशी परस्पर बोलू नये असा नियम आहे, उद्या कोणी त्यावरून कोर्टात गेलं तर, असं कारण. एचआरची मुलगी रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या मुलाकडे नवी यादी होती, त्यात रद्द जागा नव्हत्या.

त्याचा लिंक्डइनवर मेसेज आला. मॅम, काही अपडेट असेल तर कृपया सांगाल. मी तो वाचला. सहा दिवस तो तसाच होता. नियम होता, काम माझं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर 'तुम्ही चांगले होता तरी नाही' हे वाक्य कसं लिहायचं ते सुचत नव्हतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी, जेवताना, मी हे सगळं घरात बोलून दाखवलं.

बाबा म्हणाले, "मग? सांगितलं का त्याले?"

"ते एचआरचं काम आहे, बाबा."

बाबा काही बोलले नाहीत. उठले आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेले. पाइप लावून बराच वेळ तिथेच उभे होते, टाकी भरून वाहायला लागली तरी.

मी ताटावरून उठून चार ओळी लिहिल्या. जागा रद्द झाली आहे. तुमचं उत्तर बरोबर होतं. माझी शिफारस होती. कळवायला उशीर झाला, माफ करा. खाली पूर्ण नाव लिहिलं.

दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. "धन्यवाद मॅम. अकरा ठिकाणी दिले होते, कळवणाऱ्या तुम्ही दुसऱ्या." आणि त्याखाली, थोड्या वेळाने, आणखी एक ओळ: "कूलरचा पंप बदलला मॅम. आता आवाज कमी येते."